सगळे ‘हो’ म्हणालेत, मग माझ्याच पोटात गोळा का?

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. लिहिणारी वाचक मैत्रीण तिशीतली आहे. कॉलेजपासून सहा जणांची घट्ट मैत्री. नोकऱ्या, लग्नं, बदल्या या सगळ्यात गेली तीन वर्षं सहाच्या सहा जण एका ठिकाणी जमलेले नाहीत. या उन्हाळ्यात अखेर चार दिवसांची सहल ठरली. एकच मोठी गाडी, तीन रात्री तंबूत, ठिकाण सहाशे किलोमीटरवर. शुक्रवारी ऑफिस उरकून रात्री नऊला निघायचं, रात्रभर गाडी हाकायची आणि शनिवारी सकाळी पोहोचायचं. गाडी ज्याची, तोच चालवणार. ‘मला सवय आहे आणि मी गाडी कुणाच्या हातात देत नाही,’ असं त्याचं म्हणणं. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले, हिनेही ‘भारी!’ असं लिहिलं. तेव्हापासून हिची झोप उडाली आहे. रात्रीच्या प्रवासाची भीती वाटते. तंबूत झोपायचं, उघड्यावर शौचाला जायचं आणि पाळीही नेमकी त्याच आठवड्यात, याचंही दडपण आहे. त्यातच एका मित्राने खासगीत सांगितलंय की या महिन्यात त्याचा हात आखडता आहे, ‘पण ग्रुपवर बोलू नकोस.’ कॉलेजात तिचं नाव ‘काळजीकाकू’ पडलं होतं, ते तिला पुन्हा चिकटवून घ्यायचं नाही. ती विचारते, ‘गप्प बसून गाडीत बसू, की ऑफिसात अचानक काम निघालं असं सांगून अंग काढून घेऊ? मी गेले नाही तर निदान माझी तरी सुटका होईल.’

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमची सुटका होईल हे खरं आहे. पण गाडी शुक्रवारी रात्री नऊलाच निघेल. चालवणारा तोच असेल, आणि मागच्या सीटवर तुमची चार जिवाभावाची माणसं झोपलेली असतील. ऑफिसच्या कामाचं कारण सांगितलंत, तर जे तुम्हाला दिसलंय ते त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही. मला नाही वाटत की शनिवारी पहाटे चार वाजता तुम्ही स्वतःच्या अंथरुणात तरी शांत झोपलेल्या असाल.

म्हणून जायचं की नाही हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. त्याआधी तुमची भीती खरी आहे की नाही ते बघू, कारण पत्रभर तुम्ही तिच्याबद्दल माफी मागितल्यासारखं लिहिलंय.

मी एकदा अशाच रात्रीच्या गाडीत पुढच्या सीटवर होते. मागे तिघं झोपलेले. चालवणारा आमच्यात सगळ्यात सराईत, हात अगदी स्थिर. साडेचारच्या सुमारास चाकांचा आवाज बदलला. इतका वेळ डांबराची एकसुरी घरघर येत होती, तिच्या जागी खडी करकरायला लागली आणि बारीक दगड गाडीच्या पोटाला टकटक लागायला लागले. मी ओरडले. त्याने गाडी रस्त्यावर घेतली. त्याचे डोळे उघडे होते. ‘काय झालं?’ त्याने मलाच विचारलं. ‘तुझा डोळा लागला होता,’ मी म्हणाले. ‘छे, जागा होतो मी.’ तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. आम्ही तिथेच थांबलो, उजाडेपर्यंत गाडीतच बसून राहिलो, आणि मागच्या तिघांना काय घडलं ते सकाळी सांगितलं. ती खडीची करकर मला आजही ऐकू येते.

अशी डुलकी दोन-चार सेकंदांचीच असते आणि पुष्कळदा ती ज्याला लागते त्यालाच कळत नाही. ताशी 90 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 25 मीटर जाते. चार सेकंदांत 100 मीटर, आणि तेवढं अंतर गाडी कुणीच चालवत नसतं. म्हणून ‘झोप आली तर थांबेन ना मी’ या भरवशावर सहा जणांनी बसू नये. तो भरवसा मनापासून दिलेला असतो, पण पाळणं त्याच्या हातात नसतं.

आता तुमच्या मित्राच्या शुक्रवारचा हिशोब मांडा. तो सकाळी सातला उठणार, दिवसभर काम करणार आणि रात्री नऊला स्टिअरिंगवर बसणार. म्हणजे निघतानाच तो 14 तास जागा आहे. मध्यरात्री 17 तास होतील. ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 साली हेच तपासलं होतं. 17 तास सलग जागं राहिलेल्या माणसाची हात आणि डोळ्यांची सांगड रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढिली पडलेली होती, आणि 24 तासांनंतर साधारण 0.10 टक्क्याइतकी. कितीतरी देशांत 0.05 टक्के ही गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा आहे. सहाशे किलोमीटरला थांबेथुंबे धरून दहा तास लागतात. म्हणजे पोहोचेपर्यंत तो 24 तासांचा जागा असेल. शिवाय पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचं घड्याळ माणसाला झोपेकडे ओढतच असतं, तो कितीही सराईत असला तरी. तुमच्या ग्रुपमधला कुणी दारू पिऊन गाडी चालवायला बसला असता, तर त्याच्या हातातून किल्ली काढून घेताना तुम्हाला ‘काळजीकाकू’ या नावाची आठवण तरी झाली असती का?

‘मला सवय आहे’ हे त्याचं म्हणणं मी खोडून काढत नाही. रात्री गाडी चालवायची सवय होते, समोरच्या दिव्यांची, रिकाम्या रस्त्याची सवय होते. झोप न मिळण्याची मात्र शरीराला सवय होत नाही. खिडकी उघडली, गाणी मोठ्याने लावली की दोन-चार मिनिटं बरं वाटतं, तेवढंच. खरा उपाय झोप हाच. पेंग यायला लागली तर सुरक्षित जागी थांबायचं, कॉफी प्यायची आणि लगेच 15-20 मिनिटं डोळे मिटायचे. कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर ती छोटी झोप होऊन जाते. हाही तात्पुरताच इलाज आहे, त्यावर रात्र काढता येत नाही.

आता दुसरी गोष्ट. ‘सगळ्यांनी हो म्हटलंय’ असं तुम्ही लिहिता, आणि ते तुम्ही धरूनच चालला आहात. तुमच्या पत्रातच त्याच्या उलट पुरावा आहे. हात आखडता असलेल्या मित्राने खासगीत एक सांगितलं आणि ग्रुपवर अंगठा दाखवला. तुम्ही ‘भारी!’ लिहिलंत आणि रात्रभर जाग्या राहिलात. सहातल्या दोघांचं ‘हो’ खरं नव्हतं, हे तर तुम्हाला आत्ताच माहीत आहे. उरलेल्या चौघांचं काय, ते कुणी विचारलेलं नाही.

जेरी हार्वे नावाच्या अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञाने 1974 साली स्वतःच्या घरातला एक किस्सा लिहून ठेवला आहे. टेक्सासमधलं कोलमन नावाचं छोटं गाव, 40 अंशांचं ऊन, घरातले चौघं ओसरीवर पंख्याखाली डॉमिनोज खेळत बसलेले, सगळं छान चाललेलं. सासरे म्हणाले, ‘चला, ॲबिलीनला जेवायला जाऊ.’ ॲबिलीन 53 मैलांवर, म्हणजे 85 किलोमीटर, आणि गाडीत एसी नाही. बायको म्हणाली, छान कल्पना आहे. हार्वेंनी मान डोलावली. सासूबाईही हो म्हणाल्या. धूळ आणि घाम सोसून, बेचव जेवण जेवून चार तासांनी चौघं परत आले आणि मग एकेकाच्या तोंडून खरं बाहेर पडलं. जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनासुद्धा नाही. बाकीचे कंटाळले असतील असं वाटून त्यांनी आपलं सुचवलं होतं. प्रत्येक जण दुसऱ्याचं मन राखायला निघाला होता.

तुमच्या ग्रुपमध्ये अगदी हेच झालंय असं मी म्हणत नाही. एकत्र यायची ओढ सहाही जणांना आहे, हे पत्रातून जाणवतं. पण रात्री निघायचं, सहाशे किलोमीटर जायचं, एकट्याने चालवायचं हा तपशील कुणी एकाने लिहिला आणि बाकीच्यांनी भीडेखातर मान्य केला, ही शक्यता दाट आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. अंगठा दाखवायला अर्धा सेकंद लागतो, ‘थांबा, मला बोलायचंय’ म्हणायला रात्र रात्र जाते. मनातून खट्टू असलेल्या इतरांना बोलायला वाट हवी असेल, तर ती पहिलं वाक्य बोलणाऱ्यामुळेच मिळते.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. तुमच्या यादीत रात्रीचा प्रवास, तंबू, शौच, पाळी आणि मित्राचे पैसे असं सगळं एका ओळीत आलंय. मला वाटतं, गैरसोय आणि धोका तुम्ही एकाच पिशवीत भरले आहेत, म्हणून ती पिशवी उचलवत नाही. ती उघडून दोन वाटे करा. खाली जमिनीवर झोपायचं, आडोसा शोधायचा, अंघोळ नाही, हे सगळं त्रासाचं आहे. त्याची तयारी करता येते, ते थोडं सोसताही येतं. चारात तीन जणांना चालत असेल तर आपण थोडं जुळवून घेऊ, असं त्याबाबत म्हणता येतं. झोपेत चालणारी गाडी या वाट्यात बसत नाही. तिथे बहुमताचा प्रश्नच नाही.

तुम्ही हे दोन्ही एकदम ग्रुपवर मांडलंत तर काय होईल, ते तुम्हाला माहीत आहे. कुणीतरी तंबूतल्या किड्यांवर विनोद करेल आणि त्या हशात गाडीचा मुद्दा वाहून जाईल. म्हणून आधी फक्त गाडीचं बोला.

आणि ते ग्रुपवर बोलू नका. पहिला फोन गाडीवाल्या मित्राला करा, एकट्याला. चार लोकांसमोर ‘तू रात्री चालवू नकोस’ म्हटलं की त्याच्या कानावर ‘तुला गाडी येत नाही’ एवढंच पडेल. एकट्याशी बोलताना तसं होत नाही. मी तुमच्या जागी असते तर साधारण असं म्हटलं असतं: ‘तू गाडी चांगली चालवतोस याबद्दल मला शंका नाही. पण शुक्रवारी तू दिवसभर काम करून निघणार आणि पोहोचेपर्यंत 24 तास जागा असणार. आम्ही पाच जण मागे आरामात झोपायचं आणि तू एकट्याने जागायचं, हे मला पटत नाही. मी ग्रुपवर हो म्हटलं ते घाईत म्हटलं, माझी चूक झाली. आपण शनिवारी पहाटे निघू या का?’

मग थांबा आणि ऐका. तो गाडी दुसऱ्याला का देत नाही, हे विचारा. गाडी नवी असेल, हप्ते चालू असतील. दुसऱ्याच्या हातून काही झालं तर विमा मिळेल की नाही याची धास्ती असेल. मागे कुणी गाडी घासून आणली असेल आणि खर्च याच्याच गळ्यात पडला असेल. ही कारणं हट्टाची नाहीत आणि त्यांवर तोडगे निघतात. विम्याचे कागद बघून दुसऱ्याने चालवलं तर चालतं का ते आधीच खात्री करून घ्या. ज्यांच्याकडे परवाना आहे आणि हात बसलेला आहे असे दोघं ठरवा, निघण्याआधी त्यांना त्याच गाडीवर तासभर हात साफ करू द्या. काही खरचटलं तर खर्च सहा जणांत वाटायचा, हे बोलून ठेवा. गाडी त्याची, झीजही त्याच्याच गाडीची, तेव्हा इंधनाचा वाटा त्याच्याकडून घेऊ नका. हे त्याने मागण्याआधी तुम्हीच सुचवा. मालकाला कुणी आपली बाजू बघतंय असं वाटलं की किल्ली पुढे करणं सोपं जातं.

त्याच्याशी बोलणं झाल्यावर ग्रुपवर लिहा, आणि नुसती अडचण लिहू नका. पर्याय सोबत द्या. लोकांना बेत मोडायची भीती असते, बदलायची फारशी नसते.

पर्याय कोणता, तर माझं मत स्पष्ट आहे. ठिकाण जवळचं निवडा. चार दिवसांच्या सहलीत जाऊन-येऊन बाराशे किलोमीटर म्हणजे तुम्ही एकमेकांना कमी आणि रस्त्याला जास्त भेटणार. रात्री निघून एक दिवस वाचतो असं वाटतं, पण तो दिवस हाती येत नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर तंबूत भट्टी पेटल्यासारखं होतं, तिथे रात्रभर जागलेल्या माणसाला झोप लागत नाही. तुमचा शनिवार चिडचिडीत जाईल, आणि ज्याने सगळ्यांना पोहोचवलं तोच सगळ्यात जास्त चिडलेला असेल. दोन-अडीचशे किलोमीटरवरचं ठिकाण घेतलंत, रात्री सगळे नीट झोपून शनिवारी पहाटे पाच-साडेपाचला निघालात, दर दोन तासांनी थांबून चालवणारा बदललात, तर ऊन चढायच्या आत पोहोचाल. ठिकाण दूरचंच हवं असेल तर वाटेत एक मुक्काम करा. काहीही केलंत तरी सूर्य मावळायच्या निदान दोन तास आधी तंबूच्या जागेवर असा. अंधारात जागा निवडली की चुकतेच.

जवळच्या ठिकाणाने तुमच्या दुसऱ्या मित्राचाही प्रश्न हलका होतो, आणि त्याचं नाव घ्यावं लागत नाही. इंधन कमी, एक दिवस कमी, खर्च कमी. त्याने विश्वासाने सांगितलेलं गुपित तुम्ही फोडू नका, चांगल्या हेतूनेही नाही. ग्रुपवर इतकंच लिहा की बेत पक्का करण्याआधी माणशी जास्तीत जास्त किती खर्च करायचा ते ठरवू, आणि प्रत्येकाने आपला आकडा एकाच व्यक्तीला खासगीत कळवावा. सगळ्यात लहान आकड्यात बसेल असा बेत करायचा. त्यापुढची हौस ज्याची त्याने आपल्या खिशातून करावी. तंबू, चटया, स्टोव्ह विकत घ्यायची घाई करू नका. उसने किंवा भाड्याने मिळतात. फक्त भाड्याचा तंबू निघण्याआधी गच्चीवर किंवा अंगणात एकदा पूर्ण उभा करून बघा. एखादी काठी तुटलेली किंवा खिळे अपुरे असले तर ते तिथेच कळेल. आणि चार माणसांचा तंबू म्हणून जो मिळतो त्यात सामानासकट तीनच जण सुखाने झोपतात, हे धरून मोजणी करा.

आता तुमच्या गैरसोयीच्या वाट्याकडे येऊ. हा वाटा हलका आहे असं मी म्हणत नाही. पहिल्यांदा तंबूत जाणाऱ्या बायकांची कितीतरी पत्रं मला येतात आणि बहुतेकींना हेच विचारायचं असतं, पण सहलीच्या यादीत ते कुणी लिहीत नाही. शौचालयाची सोय असलेली तंबूची जागा निवडा. असं म्हणणं म्हणजे नखरा नव्हे, सहातल्या निदान तिघांना मनातून तेच हवं असेल. सोय नसलीच तर वाहत्या पाण्यापासून, तळ्यापासून आणि तंबूंपासून साठ-सत्तर मीटर लांब जागा बघा, छोट्या खुरप्याने वीतभर, म्हणजे पंधरा-वीस सेंटीमीटर खोल खड्डा करा आणि नंतर मातीने बुजवा. पॅड पुरायचे नाहीत, जाळायचेही नाहीत. एक जाड, अपारदर्शक, घट्ट बंद होणारी पिशवी त्यासाठी वेगळी ठेवा आणि ती परत आणा. हात धुण्याचं पाणी आणि साबण, गडद रंगाचे कपडे, नेहमीची वेदनाशामक गोळी, डोक्याला लावायचा टॉर्च म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. रात्री उठावं लागलं तर सोबतीला कोण येणार हे एका मैत्रिणीशी आधीच बोलून ठेवा. एवढं केलंत की दडपण बरंच उतरतं, हे मी अनुभवाने सांगते.

झोपेसाठी उशीपेक्षा खालची चटई महत्त्वाची. उन्हाळा असला तरी पहाटे जमीन अंगातली ऊब ओढून घेते, पांघरूण कितीही घ्या. तंबूच्या पूर्वेला झाड असेल अशी जागा बघा, सकाळची दोन तासांची सावली मिळते. पण झाडाच्या वाळलेल्या फांदीखाली तंबू लावू नका. कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रात वाळू मऊ आणि सपाट असते, मोह होतो, तिथे तर मुळीच नको. वर कुठेतरी पाऊस झाला तर तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही पाणी येतं. उंचावरचं ठिकाण मिळालं तर उत्तम, दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते.

दोन गोष्टी मात्र गैरसोयीत मोडत नाहीत, त्या धोक्याच्या वाट्यात टाका. एक, तंबूच्या आत स्टोव्ह, शेगडी, निखारे काही म्हणजे काही नाही. विझत आलेले निखारेही नाहीत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. पाऊस आला, स्वयंपाक अर्धवट राहिला, तर अर्धवट राहू दे. दुसरी, उष्णता. दर माणशी दिवसाला पिण्या-रांधण्याचं मिळून चार लिटर पाणी धरा. सहा जणांचं एका दिवसाचं 24 लिटर, म्हणजे 24 किलो झालं. तीन दिवसांचं गाडीत मावणार नाही, म्हणून पाण्याची सोय असलेलीच जागा हवी. झऱ्याचं पाणी घ्यावं लागलं तर खळखळून एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, तर तो दमलाय असं समजून त्याला पडू देऊ नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच वैद्यकीय मदत मागवा. उन्हात उभ्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा-एक अंशांनी चढतं, तेव्हा झोपलेल्या मित्राला ‘राहू दे त्याला आत’ म्हणून ठेवू नका, आणि गॅसचे डबेही तिथे ठेवू नका.

आणखी एक, मागे बसणाऱ्या सगळ्यांनी पट्टा लावायचा. हे तुम्ही बोललात की कुणीतरी ‘आली काळजीकाकू’ म्हणेल. म्हणू दे. त्या नावाबद्दल मला एक विचारायचंय. तुम्ही ते कॉलेजातलं म्हणून सांगता, पण त्या दिवसांत आजारी पडल्यावर हे पाच जण कुणाला फोन करायचे? परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाचं दार वाजायचं? आणि पैशाची अडचण त्या मित्राने सहा जणांतून नेमकी तुम्हालाच का सांगितली? तुमचं काळजी करणं त्यांना बोचत असतं, तर ते गुपित तुमच्याकडे आलंच नसतं.

एक शक्यता राहतेच. तुम्ही सगळं नीट बोलाल आणि तो म्हणेल, नाही, रात्रीच निघायचं, गाडी मीच चालवणार. बाकीचेही त्याच्या बाजूने उभे राहतील. तसं झालं तर त्या गाडीत बसू नका. पण ऑफिसचं नाव पुढे करू नका. खरं कारण त्याच शब्दांत सांगा: ‘मला तुमच्यासोबत यायचंय, रात्रभर एकाने चालवलेल्या गाडीत मात्र मी बसणार नाही. शनिवारी सकाळी रेल्वेने किंवा बसने येते, शेवटच्या स्टॉपवर मला घ्यायला या.’ पुष्कळदा अशा वाक्यानंतर आणखी एक जण म्हणतो, ‘थांब, मीही तुझ्यासोबत येतो.’ दोघं झाले की बेत पुन्हा बोलायला घ्यावा लागतो. न बोलताच घरी राहिलात, तर त्या दुसऱ्याला कधी कळणारच नाही की असं म्हणता येतं.

हे सगळं करूनही शुक्रवारी रात्री ते निघालेच, तर रागावून फोन बंद करू नका. पुढच्या सीटवर कोण बसणार ते विचारा आणि त्याला सांगा की त्याने झोपायचं नाही, दर दोन तासांनी गाडी थांबवायला लावायची, आणि पहाटे दोननंतर चालवणारा एकच गोष्ट दोनदा सांगायला लागला, जांभया द्यायला लागला, गाडी पट्ट्यावरून सरकायला लागली, तर वाद न घालता जिथे उजेड आणि माणसं असतील तिथे गाडी थांबवून उजाडेपर्यंत झोपायचं. मग फोन उशाशी ठेवा, आवाज चालू ठेवून. पोहोचल्याचा निरोप आला की तुमची बस कितीला सुटते ते त्यांना कळवा.